न झालेल्या पूजेचा साक्षीदार

नोकरीत असताना हाताळलेली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं आहे, आणि आठवलं की आजही माझं डोकं तापतं. त्यात ना खून होता ना दरोडा. एका बाईचं इथलं राहणं पणाला लागलं होतं, एवढंच.

माझा जन्म सिंगापूरचा. वडील जहाज कंपनीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात आईने मराठी सोडू दिली नाही. पोलीस दलात मराठी येणारा बहुधा मी एकटाच होतो, त्यामुळे मराठी माणसाचा संबंध आला की फाईल फिरत फिरत माझ्या टेबलावर यायची. ही तशीच आली.

तक्रारदार रॅफल्स प्लेसला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. पुण्याचे, बोलायला गोड, मराठी लोकांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसणारे. त्यांचं म्हणणं असं, की सेंगकांगमध्ये राहणाऱ्या एका मराठी बाईने आपल्या घरी माणसं जमवली, चिनी घरमालकांबद्दल घाणेरडे शब्द वापरले आणि त्यांना धडा शिकवा असं सांगितलं. हे सगळं त्यांनी स्वतः तिथे बसून ऐकलं होतं.

वंशाविषयीची तक्रार आमच्याकडे कोणी हसण्यावारी नेत नाही, आणि नेऊही नये. माझ्या लहानपणी वडीलधारी माणसं इथल्या जुन्या चिनी-मलय दंगलींबद्दल आवाज खाली आणून बोलायची, ते मला आठवतं. त्यात ही बाई एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आलेली. आरोप शाबित झाला असता तर शिक्षा वेगळी आणि पास गेला असता तो वेगळाच. नवरा आणि मुलगी तिच्याच पासवर राहत होते. मुलगी सहावीच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती.

बाई हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती एक काम करायची, आणि त्यामुळेच ती लोकांच्या डोळ्यावर आली होती. इथे भाड्याने खोली शोधणारा माणूस भारतीय आहे असं फोनवर कळलं, की पुष्कळदा ती खोली अचानक 'गेलेली' असते. अशा लोकांना ही बाई एकत्र करायची, सोबत घेऊन खोल्या दाखवायची, एजंटांशी शांतपणे बोलायची. तिच्या गटात दोन चिनी बायकाही होत्या. चिनी लोकांना शिव्या देणाऱ्या बाईबरोबर त्या कशाला उन्हातान्हात फिरतील, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. पण नुसत्या प्रश्नावर तपास चालत नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. माझ्याबरोबर माझी सहकारी होती, तरुण मलय इन्स्पेक्टर, बुद्धीची तल्लख. फ्लॅट साधा, नीटनेटका. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट. नियमाप्रमाणे आम्ही तिचा फोन आणि लॅपटॉप ताब्यात घेतला. लॅपटॉप कंपनीचा होता, म्हणजे कंपनीला कळवणं आलंच.

तिने विचारलं, "सर, मी काय बोलले असं म्हणतात?"

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "माझ्या घरी बैठक कधी झालीच नाही. आम्ही नेहमी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या टेबलांवर भेटतो. तिथे सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून तर तिथे भेटतो."

आरोपी असं म्हणतातच. मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, प्रत्येक पानावर सही घेतली. आतल्या खोलीतून मुलीने इंग्रजीत विचारलं, की पोलीस आईला घेऊन जाणार आहेत का. बाई म्हणाली, "नाही गं, तू अभ्यास कर."

मग तक्रारदारांना पुन्हा बोलावलं. आमच्या जबाबाच्या खोलीत एअरकंडिशनर इतका थंड असतो, की खरं बोलणारासुद्धा आखडून बसतो. हे गृहस्थ मात्र ऐसपैस बसले. कॅन्टीनची कॉफी त्यांनी मागून घेतली. मला म्हणाले, "बरं झालं साहेब, आपला माणूस भेटला. या बाईमुळे आपण सगळेच बदनाम होतोय हो."

त्यांनी बाईचं भाषण पहिल्या जबाबात होतं तसं शब्द न् शब्द सांगितलं. माझी सहकारी कानाशी म्हणाली, "सर, धिस वन प्रॅक्टिस्ड लाह." तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी पाठांतराचा सूर तिने पकडला होता.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. खोटं बोलणारा शब्दांची तयारी करून येतो, जागेची करत नाही. म्हणून मी भाषण बाजूला ठेवलं आणि प्रश्न विचारत तिच्या घरात शिरलो.

"तुम्ही तिथे कशासाठी गेला होतात?"

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "सत्यनारायण होता ना त्यांच्याकडे. बोलावणं होतं."

"कुठे मांडला होता?"

"हॉलमध्येच. देव्हाऱ्यासमोर."

"देव्हारा हॉलमध्ये आहे?"

"हो, कोपऱ्यात. लाकडी." आता ते रंगात आले. चौरंग, केळीचे खांब, लिटिल इंडियातून आणलेले गुरुजी, केळं घातलेला शिरा. प्रसाद घेऊन सगळे सतरंजीवर बसले आणि तेव्हा बाई बोलायला लागली, असं त्यांनी सांगितलं. शिरा चांगला झाला होता, हेही सांगायला ते विसरले नाहीत.

मी सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावून सही केली. मग मी पेन खाली ठेवलं.

"त्या बौद्ध आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या घरात देव्हारा नाही. सत्यनारायण कधी झालेला नाही, होणारही नाही."

गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण पकडले गेल्याची भीती नंतर आली. आधी आलं ते निव्वळ आश्चर्य. "काय सांगता? अहो, पण त्यांच्या बोलण्यावरून तर त्या आपल्यातल्याच..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते पुरतं ऐकू आलं होतं. त्या 'आपल्यात' त्यांनी मलाही धरलं होतं, याची मला किळस आली.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. खोटं एकदा उसवलं की माणूस स्वतःच पुढचे टाके काढून देतो. या गृहस्थांनी आपल्या कॉन्डोतली एक खोली भाड्याला काढली होती. नागपूरचा एक तरुण संशोधक ती बघायला आला. त्याला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग वडील काय करतात. दुसऱ्या दिवशी खोली 'गेली'. मुलगा बाईकडे आला. चिनी मालकांचे अनुभव सांगायला जमलेल्या लोकांत हा अनुभव आपल्याच मराठी माणसाकडचा निघाला. बाईने गृहस्थांना फोन करून विचारलं, आणि सांगितलं की नाव न घेता आपण ही गोष्ट गटाच्या पुढच्या भेटीत मांडणार आहोत. बँकेत कळलं तर काय, या धास्तीने त्यांनी तिचं तोंड बंद करायचं ठरवलं. इथे कोणत्या आरोपाने माणूस सगळ्यात लवकर गप्प होतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

खोटी माहिती दिल्याबद्दल वरिष्ठांनी त्यांना कडक ताकीद दिली. खटला झाला नाही. पहिलाच गुन्हा, पश्चात्ताप व्यक्त केला, वगैरे. आडनाव विचारून खोली नाकारल्याबद्दल त्यांच्यावर लावायला माझ्याकडे कलमच नव्हतं.

बाईवरची चौकशी बंद झाली. फोन परत न्यायला ती ठाण्यात आली, तेव्हा खोटं कसं उघडं पडलं हे मी तिला सांगितलं. खरं तर एवढं सांगायची गरज नव्हती. पण तिला ऐकण्याचा हक्क आहे असं मला वाटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझे बाबा शाळेत मास्तर होते. आमच्याकडून रोज मोठ्याने वाचून घ्यायचे. एक उच्चार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणायचे, अशी बोल की कुणाला काही विचारावंसं वाटू नये." ती थोडी हसली. ते हसू मला बघवलं नाही.

"आता गटाचं काम पुन्हा सुरू करा," मी म्हणालो.

"गट कुठे राहिलाय सर? पोलीस घरी आले म्हटल्यावर एकेक जण बाहेर पडला. मी कुणाला दोष देत नाही, सगळेच पासवर आहेत. फक्त त्या दोघी चिनी बायका अजून फोन करतात." फोन पर्समध्ये ठेवत तिने सांगितलं, "आणि माझा पास पुढच्या महिन्यात संपतोय. कंपनी नूतनीकरण करणार नाही. कामाची फेररचना म्हणाले."

"चौकशीमुळे?"

"तसं कुणी म्हणालं नाही."

मी तिच्या कंपनीला फोन केला. चौकशीत काहीही निघालं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. पलीकडच्या माणसाने अतिशय सौजन्याने आभार मानले आणि फोन ठेवला. मुलीची परीक्षा व्हायच्या आत ते कुटुंब परत गेलं. बँकेतले गृहस्थ अजून इथेच आहेत, आता कायमचे रहिवासी झाले आहेत असं ऐकतो.

पोलीस खात्यात शिरताना मला वाटायचं, की खरं बाहेर आलं की विस्कटलेलं सगळं जागच्या जागी बसतं. याच विश्वासावर मी सगळी नोकरी केली. या प्रकरणात खरं पुरतं बाहेर आलं, सहीसकट आलं. जावं मात्र तिलाच लागलं.