काटोलचा काळा दगड

भिलाईच्या बाजारात तेव्हा चांगला पाटा मिळत नसे. मिळायचा तो फिकट, ठिसूळ दगडाचा. दोनदा चटणी वाटली की तिसऱ्यांदा दाताखाली कचकच. मी माहेरी तसं कळवलं, तर आईनं काटोलहून काळ्या दगडाचा पाटा आणि वरवंटा पाठवला. मामा रेल्वेत गार्ड होते. गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड त्यांनी दुर्ग स्टेशनवर यांच्या ताब्यात दिलं. सोबत आईचा निरोप होता की पाटा चटणीसाठी आहे आणि वरवंटा बारशासाठी. मला तेव्हा सातवा महिना होता. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण भिलाईतच करायचं ठरलं होतं.

बारशाला आमच्याकडे वरवंटा लागतोच. त्याला धुऊन पुसून टोपडं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि पाळण्याच्या अलीकडच्या बाईनं पलीकडच्या बाईच्या हातात द्यायचं. आधी दगड, मग बाळ. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं आई सांगायची. त्यानंतर आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते, आणि तिथून पुढं ते बाळ घरातलं माणूस होतं.

आमची मुलगी बारशापर्यंत थांबली नाही. ताप आला आणि दोन दिवसांत गेली.

ती गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की नाव नसलेल्या माणसाबद्दल बोलताच येत नाही. काय म्हणून बोलणार? शेजारच्या भंडाऱ्याकडच्या काकू रोज येऊन बसायच्या. मनानं चांगल्या, पण तोंडात एकच गोष्ट. "नाव ठेवल्याबिगर गेली बाई, थे आपली नव्हतीच समज. कावून मनाले लावून घेऊन राहिली?" माझ्या मनात यायचं, यांना उचलून दाराबाहेर ठेवावं. पण मी चहा ठेवायची. सासरहून पत्र आलं त्यात तिचा उल्लेख 'झालं ते' असा होता. हे ब्लास्ट फर्नेसवर होते. लगेचच ड्यूटीवर गेले. "भट्टीले सुट्टी नसते," एवढंच म्हणाले. घरी आले की जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पाळण्यासाठी त्यांनीच छताला एक लोखंडी कडी बसवली होती. पाळणा आम्ही परत केला, कडी राहिली. मी पाटा मागच्या अंगणात भिंतीला उभा करून ठेवला, वरवंटा त्याच्या आड, आणि चटणी खलबत्त्यात कुटू लागले.

त्या वेळची भिलाई म्हणजे निम्मं गाव आणि निम्मा मातीचा ढीग. सगळे क्वार्टर एकासारखे एक. नवीन माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरायचा. ओळीत एक घर पंजाबी, एक तेलुगू, एक बंगाली, आणि कुणाची कुणाला ओळख नाही. संध्याकाळी मी मागच्या अंगणात उभी राहायची. रुआबांधा गावाच्या अंगाला माळ मोकळा पडला होता. कारखान्यात धातूवरची मळी मोठमोठ्या डब्यांतून नेऊन उतारावर ओतत, त्याला सगळे स्लॅग म्हणत. ती ओतली की अर्धं आभाळ लाल व्हायचं आणि हळूहळू विझायचं. सुरुवातीला मी घाबरायची. मग सवय झाली, आणि नंतर तेवढीच एक सोबत वाटायला लागली.

रशियन बाई मला दिसली ती रस्त्यावर वाकून दगड उचलताना. रस्त्यापलीकडे कारखाना उभारायला आलेल्या रशियन इंजिनियरांची घरं होती. त्यातल्या एकाची ही बायको. उंच, उन्हानं लाल झालेली, डोक्याला रुमाल. खडीच्या ढिगातून एक खडा घ्यायची, चाटून बघायची आणि टाकून द्यायची. ओळीतल्या बायकांनी तिला वेडी ठरवून टाकलं होतं. मला मात्र ती आवडली. भर दुपारी लोकांदेखत दगड चाटायला छाती लागते.

एक दिवस ती आमच्या मागच्या फाटकाशी थबकली. तिची नजर पाट्यावर होती. मी या म्हटलं तशी ती आत आली, खाली बसली आणि पाट्यावरून हात फिरवत राहिली. आम्हा दोघींची हिंदी सारखीच मोडकी, म्हणून जमलं. चांगली हिंदी येणाऱ्या बायकांशी बोलताना मी चुकायला भ्यायची, हिच्यापुढं भ्यायचं काही कारण नव्हतं.

"ये पत्थर यहाँ का नहीं," ती म्हणाली.

मी म्हटलं, काटोलचा. मेरी माँ का गाँव.

"ये पहले आग था."

मला वाटलं, ओळीतल्या बायकांचं बरोबर असावं, ही वेडीच. पण तिनं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या, हातवारे केले, आणि हळूहळू मला कळलं. तिचं माहेर कामचाटकात, रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला. तिथं ज्वालामुखींची रांगच आहे. तिचे वडील त्यांच्यावर नजर ठेवायच्या कामावर होते. ती स्वतः दगडांचं शास्त्र शिकली होती, ओल्या दगडाचा कण नीट दिसतो म्हणून चाटायची, आणि इथं नवऱ्यापाठी येऊन रिकामी बसली होती.

मग ती दुपारी येऊ लागली. मी मॅट्रिकपर्यंत भूगोल शिकले होते, पण तो पाठ केलेला. ज्वालामुखी कसा होतो ते मला आमच्या चुलीवरच्या दुधानं समजलं. दुधावर साय धरते तशी पृथ्वीवर दगडाची साल आहे, असं तिनं दाखवलं. खाली खूप खोल इतकी उष्णता की काही ठिकाणी दगड वितळतो. वितळलेला दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका, म्हणून वर चढू बघतो. त्यात वायू कोंडलेला असतो. वाट सापडली की सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखा बाहेर येतो. राख आणि रस थरावर थर बसून डोंगर होतो. कामचाटकाला समुद्राचा तळ जमिनीखाली सरकत जातो म्हणून तिथं ही रांग उठली, हे मी फार पुढं वाचलं. तेव्हा बहुधा तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मी तांदळाचं पीठ आणून दिलं, त्यानं ती फरशीवर जग काढायची. प्रशांत महासागराच्या काठाकाठानं ठिपके, खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. तिथं अँडीजमधले सगळ्यांत उंच. आफ्रिकेत सपाट माळावर एकटा उभा किलिमांजारो. तिच्या घरचा उंच, निमुळता, धान्याच्या राशीसारखा. आणि जागे असलेल्यांत सगळ्यांत मोठा हवाई बेटावरचा मौना लोआ. तो मात्र पसरट. मी परात उपडी घालून विचारलं, असा? तिनं टाळ्या वाजवल्या. त्याचा रस पातळ, दूरवर वाहतो, म्हणून असा. बराचसा तर समुद्राखालीच आहे.

"पर तुम्हारा घर," ती पाट्यावर थाप मारून म्हणाली, "बहुत, बहुत बड़ा." आमच्या मुलखात डोंगर नव्हताच म्हणे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून रस येत राहिला आणि तव्यावर धिरडी घालावीत तसा थरावर थर पसरला, पार पश्चिम समुद्रापर्यंत. नागपूरच्या आसपास तो संपतो. इकडे भिलाईत त्याचा खडासुद्धा नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट. मला हसू आलं. काटोलला आम्ही त्या काळ्या दगडावर कपडे आपटायचो. मुलगी गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले होते, आणि लगेच मला स्वतःची चीड आली.

छताची कडी तिनं एकदा पाहिली होती. "ये क्या?" मी म्हटलं, कुछ नहीं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या थंडीत तिच्या नवऱ्याचं काम संपलं. जायच्या आदल्या दुपारी ती आली ती हातात काहीतरी लोकरीच्या शालीत गुंडाळून. छोटंसं गाठोडं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. खोलीच्या मधोमध येऊन तिनं ते माझ्यापुढं केलं. मी घेतलं. जड होतं. शाल बाजूला केली तर आत काळा दगड, भोकाभोकांचा, तिच्या डोंगरावरचा. ती मला आठवण देत होती, दुसरं काहीही तिच्या मनात नव्हतं. पण आम्ही उभ्या होतो कडीच्या खाली, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि माझ्या हातात दुपट्यातल्यासारखा गुंडाळलेला दगड. मी मोठ्यानं रडले. मुलगी गेली तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते.

तिनं वर कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिनं विचारलं, "लड़की? लड़का?"

"लड़की."

"नाम?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, यांनीही नाही. मी मान हलवली, नाही म्हणून.

मी मागं गेले, वरवंटा आणला, धुतला, पुसला. ट्रंकेच्या तळाशी टोपडं होतं, ते चढवलं. तिचा दगड बाजूला ठेवून तिच्याच शालीत वरवंटा गुंडाळला आणि हातांनी दाखवलं: तू तिकडे उभी राहा. कडीखालच्या रिकाम्या जागेवरून मी तो तिला दिला. तिनं तो फार जपून घेतला, मान सांभाळल्यासारखा हात खाली धरून, आणि परत दिला. तीनदा असं केलं. मग मी शाल तोंडाशी आणली आणि पलीकडे तिलाही ऐकू जाईल असं नाव सांगितलं. आत्या नव्हती, पाळणा नव्हता. नाव मात्र मी कितीतरी महिने आधी ठरवून ठेवलेलं होतं. ती पलीकडे हात जोडून उभी राहिली, देवळात उभी राहावी तशी. दुसऱ्या दिवशी ती गेली. पत्ता घ्यायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी मी पाटा आत आणला आणि तिळाची चटणी वाटली. आभाळ लाल होऊन विझलं. हे आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. पहिल्या घासाला थांबले.

"पाटा काढला काय?"

मी हो म्हटलं. आणि मग, भाकरी वाढता वाढताच, नाव सांगितलं. कुणाचं ते सांगावं लागलं नाही.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. जगात ते फक्त तिघांना ठाऊक होतं, त्यातली एक कुठं आहे मला माहीत नाही, आणि हे आता नाहीत. पण त्या संध्याकाळी यांनी घास ताटात परत ठेवला, छताच्या कडीकडे पाहिलं आणि मुलगी अंगणात खेळत असावी तशी तिला नावानं हाक मारली.