आरतीला आलेला ड्रमर

उत्तरेत, तेलीबागेतल्या आमच्या घरी तो गीझर दुरुस्त करायला आला, तेव्हा स्क्रूड्रायव्हरने बादलीवर ताल धरत होता. पन्नाशीचा माणूस, केस मात्र खांद्यापर्यंत. "मैं असल में रॉक ड्रमर हूँ," तो म्हणाला. मला कुतूहल वाटलं. आमच्या मराठी मंडळाचा ढोलकीवाला नेमका गणपतीत आजारी पडला, म्हणून मी या ड्रमरलाच बोलावलं.

तो ई-रिक्षातून अख्खा ड्रमसेट घेऊन आला. आरतीच्या दुसऱ्याच ओळीला त्याने असा वेग घेतला, की आम्ही शब्द गिळत त्याच्यामागे धावू लागलो. जोशीकाकूंना धाप लागली. एक झांज स्टँडवरून निसटून मोदकांच्या ताटात पडली. आरती संपली तरी तो डोळे मिटून वाजवतच होता. इतका सुखी चेहरा मी बँकेतल्या माझ्या नोकरीत कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला थांबवायचा धीर मला होईना. शेवटी अध्यक्षांनी त्याच्या काठ्या धरल्या.

आता याला काय बोलावं, असा विचार मी करत होतो. तेवढ्यात घाम पुसत तोच जवळ आला आणि मला लागू नये अशा बेताने हळूच म्हणाला, "भाईसाहब, बुरा मत मानिएगा, आपके लोग रियाज़ करके नहीं आए थे."

मी त्याची माफी मागितली.