गोडी वितळत नाही

सहदेव तावड्याचा हात तोंडाआधी चालायचा. गिरणीत त्याने मुकादमाचे दोन दात पाडले, संपात एका फितुराची बरगडी मोडली आणि घरी बायकोच्या, जानकीच्या, पाठीवर वळ उठवले. कौतुक करावं असा हा माणूस नव्हताच.

संप बुडाला, गिरणी गेली आणि सहदेव विक्रोळीला खाडीकडच्या एका रसायनाच्या शेडमध्ये लागला. तिथे ग्लायसिन बनायचं. पांढरी, दाणेदार पूड. वास नाही, पाण्यात लगेच विरघळणारी आणि जिभेला चक्क गोड. कामगारांनी तिचं नाव ‘गोडी’ ठेवलं होतं आणि कोऱ्या चहात ते साखरेऐवजी बिनदिक्कत तीच घालायचे. ती ज्या ॲसिडपासून बनायची तेही तसंच पांढरं, दाणेदार. त्याला म्हणायचे ‘जळकी’. ती पोटात गेली की माणूस संपला. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, फरक कळायचा तो तापवल्यावर. जळकी तुपासारखी वितळते. गोडी वितळत नाही, तापून तापून शेवटी करपते. हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, पण चहाच्या वेळी एवढं कोण बघतो?

त्या दुपारी चहा करणाऱ्या दादूने किटली उतरवली आणि गोडीच्या पिंपातली मूठभर पूड आत टाकली. चार दाणे स्टोव्हच्या तापल्या जाळीवर सांडले. ते पाघळले. झोंबरा वासही आला, पण तसा वास त्या शेडमध्ये रोजचाच. कोणीतरी जळकी भलत्याच पिंपात ओतून ठेवली होती.

सहदेवला ते पाघळलेले दाणे दिसले तोवर ग्लास भरून झाले होते आणि दादूने आपला ओठाला लावला होता. ‘पिऊ नको’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या मेल्याला बोलायची सवय कुठे? त्याने दादूच्या थोबाडावरच ठोसा हाणला. ग्लास फुटला, उकळता चहा दादूच्या छातीवर सांडला आणि तो किंचाळत खाली कोसळला.

"साल्या, चहावरून मारतोस?" म्हणत दादूशेजारी बसलेल्या अनंतने फावडं उचललं. दांड्याचा पहिलाच तडाखा सहदेवच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग पाचसहा जण तुटून पडले. कित्येकांचे जुने हिशोब होते. लाथा पोटात, लाथा तोंडावर. सहदेव ‘वितळली, वितळली’ म्हणत होता, पण तुटक्या जबड्यातून नुसतं रक्त आणि घरघर बाहेर येत होती. त्याने किटलीकडे झेप घेतली, तर पुन्हा मारायलाच उठला म्हणून त्याचे हात मागे बांधले.

शेवटी भाऊराव मधे पडला. शेडमध्ये सहदेवशी नीट बोलणारा तो एकटाच. "बास रे! मरंल तो!" म्हणत त्याने सगळ्यांना मागे ढकललं आणि भरलेला एक ग्लास घेऊन सहदेवपुढे उकिडवा बसला.

"सहदेवा, दोन घोट घे. डोकं शांत होईल."

सहदेवने ग्लासला लाथ मारायला पाय उचलला. अनंतने त्याच्या गुडघ्यावर दांडा घातला.

"माझ्यावर पण भरवसा नाय तुझा?" भाऊराव दुखावला. "थांब, आधी मी पितो."

त्याने मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा वाकडा झाला.

"गोडी आज आंबट का रे लागते?" त्याने विचारलं. घोट केव्हाच खाली उतरला होता.