चिमणाबाईनं चार वर्षं न सांगितलेलं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पोर जन्माला आलं की पेढ्यांच्या आधी निरोप जायचा तो चिमणाबाईकडं. सून दवाखान्यात कळा देत असायची आणि सासू बाहेरच्या बाकड्यावर बसून विचारायची, "चिमणाबाईला सांगून ठेवलंय न्हवं?" सकाळी सहाला ती काष्टा वर खोचून घराबाहेर पडे आणि दिवसाला चार घरं करी. आधी बाळंतिणीच्या पाठीला तेल, मग बाळाचं न्हाणं, मग शेक आणि ओव्याचा धूर. न्हाणीघरात पाटावर बसून ती पाय लांब करायची, पोराला नडग्यांवर पालथं घ्यायची आणि कोपरानं पाणी पारखायची. तिचं पाणी कधी चटका देणारं नसे, कधी कोमट पडलेलं नसे. पेठेत तालमीतल्या मातीत लोळणारे, फुटबॉलवरनं भांडणारे कितीतरी गडी तिच्या पायांवर वाढलेले. कोपऱ्यावर मिशीला पीळ देत उभं असलेलं टोळकं दिसलं की ती जाता जाता म्हणायची, "ऐट माझ्यापुढं नगं रं. माझ्या पायावर मुतलायसा समदी." आणि सगळे हसत रस्ता द्यायचे.

हे काम तिला सासूनं, धोंडुबाईनं शिकवलं. त्यात एक शिकवण अशीही होती की मुलगा असला, तर महिना-सव्वा महिना झाला की न्हाताना तेलाचं बोट घेऊन शूच्या जागेची कातडी रोज जरा जरा मागं सारायची. "आत्ता मोकळी केली न्हाय तर म्होरं अडतंय," धोंडुबाई म्हणायची. घराघरातल्या म्हाताऱ्याही न्हाणं झाल्यावर दारातनं विचारत, "केलीस का गं?" आणि चिमणाबाई सांगे, "केली की." पोर त्या वेळी वेगळं रडे. तेलानं रडतं तसं नव्हे, साबण डोळ्यात गेल्यावर रडतं तसंही नव्हे. ते रडणं वेगळं आहे हे तिला पस्तीस वर्षं कळत होतं. पण सासूनं सांगितलेलं, सगळे करत आलेले, आणि पोरं तर पुढं धडधाकट हिंडत होती. मग रडण्याचं काय एवढं?

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात अक्कांच्या घरी सून बाळंत झाली. अक्का म्हणजे पेठेतलं बडं प्रस्थ, बोलणं तोंडावर आणि चढ्या आवाजात. सून मनाली चंदगडची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आषाढात चंदगडला पूल कधी बुडेल सांगता येत नाही, म्हणून ते सासरीच झालं. मुलगा झाला, त्याचं नाव सार्थक. मनालीची आई बनाबाई बारशाला आली ती लेकीजवळ महिनाभर राहिली.

श्रावणातल्या एका सकाळी चिमणाबाईची दोन घरं उरकली होती, दोन राहिली होती. सार्थकला पायांवर घेतलं, तेलाचं बोट फिरवलं. त्या दिवशी हात जरा जोरात गेला. पोर निळं पडेस्तोवर किंचाळलं. कातडी मागं गेली ती पुढं येईना. चिमणाबाईनं ते बघितलं. एकदा बोटानं सारून पाहिली, पोर आणखी ओरडलं. 'येईल आपोआप पुढं,' असं मनात म्हणून तिनं लंगोट बांधला, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि मनालीच्या कुशीत दिलं. दारातनं अक्कांनी विचारलं, "केलीस का?"

"केली की," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

दुपारी मनालीनं ओला लंगोट सोडला आणि कोमट पाण्यानं पोराला पुसलं. पुसताना तिला सूज दिसली. संध्याकाळपर्यंत जागा लालभडक झाली, लघवी अडली. अक्कांनी चिमणाबाईला बोलावून घेतलं. "तुला यातलं कळतंय, तू चल." रिक्षात सार्थक चिमणाबाईच्याच मांडीवर होता.

शाहूपुरीत डॉक्टर भैरवी यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. बाई तिशीच्या, केस आखूड, बोलणं थेट. त्यांनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, खूप वेळ हळूहळू दाबून सूज उतरवली आणि कातडी जागेवर आणली. एका बाजूला ती फाटली होती. हात धुऊन त्या वळल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी केलं? कातडी मागं कुणी ओढली?"

खोलीत अक्का होत्या, मनाली होती, बनाबाई होती, आणि दाराला पाठ लावून चिमणाबाई.

मनाली रडत म्हणाली, "मी नुसतं पुसलं हो."

"नुसतं कसं पुसलंस?" अक्का कडाडल्या. "सकाळी चिमणाबाईनं न्हाऊ घातलं तवा पोर गप झोपलं हुतं. दुपारी तुझ्या हातात गेलं आणि असं झालं!" मग त्या बनाबाईकडं वळल्या. "लेकीला पोर पुसायलाबी शिकवलं न्हाय व्हय तुमी?"

चिमणाबाईच्या तोंडात शब्द आले होते. 'मी केलं' एवढेच. पण पस्तीस वर्षांचं नाव, उद्याची चार घरं, अक्कांचं तोंड, सगळं एकदम पुढं उभं राहिलं. तिनं पदर तोंडाला लावला. अक्कांना वाटलं, बाईला पोराची दया आली.

बनाबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चंदगडला गेली. पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. सार्थकचं न्हाणं अक्कांनी मनालीच्या हातातनं काढून घेतलं. "तुझा हात जड हाय" हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोजचं झालं. वरणात पाणी जास्त झालं तरी तेच, पोर पायरीवरनं पडलं तरी तेच.

चिमणाबाईनं मंगळवारचा उपास धरला. अंबाबाईच्या देवळात गर्दीत मागं उभी राहून ती देवीला सगळं सांगायची, अगदी लंगोट बांधला त्याच्यासकट. देवीला सांगून झालं की दोन दिवस बरं वाटे. मग मनाली रस्त्यात दिसे, "चिमणामावशी, बऱ्या हाय न्हवं?" म्हणून हसे, आणि उपास पाण्यात जाई.

तिनं ते काम मात्र बंद केलं. पोरांच्या त्या जागेवर ती वरनं पाणी ओती, बस्स. पण ते कुणाला सांगितलं नाही. दारातनं म्हातारीनं "केलीस का?" विचारलं की ती "केली की" म्हणून मोकळी होई. पेठेतल्या बाकीच्या बायका करत राहिल्या. चिमणाबाईएवढं नाव असलेली बाई करते म्हटल्यावर त्या तरी का थांबतील?

दोन हजार तीन साली डॉक्टर भैरवींनी न्हाऊ घालणाऱ्या बायकांची बैठक बोलावली. जागा पेठेतल्याच एका तालमीच्या वरच्या मजल्यावर. चौदा बायका आल्या, चहा आणि चिवडा आहे म्हणून आणखी तीन. डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणी ती कातडी आतनं चिकटलेलीच असते, कुणाची तिसऱ्या वर्षी सुटते, कुणाची दहाव्या. तिला हात लावायचं काम नाही.

पुढं बसलेल्या बाळाबाईनं विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमास्नी पोरं किती?"

"एकही नाही."

बायका खदखदल्या. बाळाबाई म्हणाली, "मग? आमी शेकड्यानं वाढवलीत."

"आणि त्यांतली बिघडलेली माझ्याकडं येतात," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "बाळाबाई, तुमच्या घरी मांजर व्याली तर पिलांचे डोळे बोटानं उघडता का हो?"

"या बया! आंधळी हुतील की."

"मग मांजराला जी सवलत देता ती माणसाच्या पोराला का नाही? ते बोलत नाही म्हणून त्याचं अंग आपलं होत नाही. ते त्याचंच आहे. आपण फक्त मोठं होईस्तोवर सांभाळायचं."

आता कुणी हसलं नाही. डॉक्टर पुढं म्हणाल्या, "याच पेठेतल्या एका चार वर्षांच्या मुलाचं दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करायचंय मला. तान्हा असताना फाटलं, तिथं जखम भरताना आवळत गेलं. मलमानं सुटलं नाही. त्यात माझीपण चूक आहे. कुणी केलं, असं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं. घरच्यांचं बोट आईकडं गेलं. पुसून असं होत नाही हे मला माहीत होतं. एकदा बोलले, कुणी ऐकलं नाही, मग मीही सोडून दिलं."

चिमणाबाईच्या हातातला चिवडा तसाच राहिला. एवढी शिकलेली बाई सतरा जणींसमोर आपली चूक सांगते आणि तिचं काही कमी होत नाही, हे ती बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळची घरं सोडून ती आधी अक्कांकडं गेली. अक्का सोप्यात मेथी निवडत होत्या. "आज कशी वाट चुकलीस?"

"मनालीला बोलवा," चिमणाबाई म्हणाली. ती बसली नाही. मनाली ओले हात पुसत आली तशी तिनं सांगून टाकलं. हात जोरात गेला, कातडी अडकलेली दिसली, दिसूनही बांधली, आणि दवाखान्यात तोंड मिटलं.

अक्कांच्या हातातली जुडी खाली आली. "गप. आता उकरून काय मिळणार हाय तुला?"

"तुमीच दारातनं इचारायचा, केलीस का म्हणून. मी केली की म्हणायची. दोघी हुतो अक्का आपण. बोल हिला लागला."

अक्का खाली पडलेली मेथी गोळा करू लागल्या. मनाली चिमणाबाईच्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आईला सांगशीला? हितं न्हवं. चंदगडात, तिच्या दारात."

"सांगते."

"आणि त्याच्या आधी माझ्यासंगं दवाखान्यात चला. बघा तुमी."

तपासणीच्या दिवशी चिमणाबाई गेली. डॉक्टर खाली बसल्या, सार्थकच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या. "बघू का रे?"

"न्हाय."

"बरं. सांग तयार झालास की." आणि त्या त्याच्याशी ट्रॅक्टरच्या गोष्टी बोलत बसल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. दहा मिनिटांनी पोर आपणच म्हणालं, "बगा, पण बोट लावायचं न्हाय." चिमणाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. एवढ्याशा पोराला विचारतात! तिनं किती पोरं न्हाऊ घातली याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. आता तो लागेना, ते बरं की वाईट तेही कळेना.

ऑपरेशन नीट झालं. दिवाळी झाल्यावर मनाली पोराला घेऊन माहेरी गेली, आणि चार दिवसांनी चिमणाबाई चंदगडच्या एसटीत बसली. बनाबाई अंगणात भात वाळत घालत होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, चार वर्षंही मध्ये गेलेली; तिनं लगेच ओळखलं नाही.

"कोण पावणं?"

"चिमणाबाई. कोल्लापूरची. न्हाऊ घालणारी."

"या, बसा. च्या ठेवते."

"च्या नगं. आदी ऐका." चहा पोटात गेला असता तर तिला बोलता आलं नसतं. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न गाळता.

बनाबाईनं भातात फिरणारा हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली, "मला अक्का बोलल्या त्याचं सोडा. पर मलाबी वाटलं, माझ्याच लेकीचा हात जड हाय. येकदा न्हाय, रोज वाटलं. ही रडून सांगायची, आये, मी न्हाय केलं. मी म्हटलं, आसू दे आता. माझ्या पोरीला मी खोटी ठरवली, बाई. त्येचं काय करू?"

चिमणाबाई पायरीवर टेकली. तिथं सार्थक काजूच्या बिया मांडून खेळत होता. सवयीनं तिचा हात त्याच्या गालाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"हात लावू का रं, बाळा?"

त्यानं मान वर करून तिला नीट बघितलं. "न्हाय."

"बरं," ती म्हणाली, आणि हात परत मांडीवर घेतला.

थोड्या वेळानं बनाबाई उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. कपबशी तिनं हातात दिली नाही. पायरीवर, चिमणाबाईच्या पुढ्यात ठेवली, आणि पुन्हा भाताशी जाऊन बसली.