फ्रिजमध्ये ठेवलेलं लव्हेंडरचं बी

माझी लेक नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिचा फोन आला की उठून पारावर जायचं, बस! "आबा आहेत का गं?" असं ती आजोबांबद्दल दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी नवी थाप मारायचे. पुढे पुढे थापासुद्धा सुचेनात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिनं मैत्रिणीबरोबर लव्हेंडरचं बी पाठवलं. तिच्या खिडकीतल्या झाडाचंच. आमच्या ताडकळस गावच्या उन्हात हे झाड तग धरेल का, असा शहाणा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. लेकीच्या खिडकीतलं काहीतरी आपल्या अंगणात हवं, एवढंच डोक्यात होतं. तिनं सांगितलं, ओल्या वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेव; तिकडे हे बी हिवाळाभर गार मातीत पडून असतं, मगच नीट उगवतं. मी वाळू धुतली, बी मिसळलं आणि डबा खालच्या कप्प्यात दह्याशेजारी ठेवला.

मामांचा जन्म शेतीत गेलेला. त्यांनी डबा उघडून पाहिला.

"बी कुठं फ्रिजात ठेवतेत का सूनबाई? गारठून मरंल की."

"ह्याला थंडीच लागते, मामा."

"कुनी सांगितलं?"

"तुमच्या नातीनं."

त्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात मी सोनपेठला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले. परत येऊन बघते तर गच्चीवर मामांचं उपरणं पसरलेलं, त्यावर माझी वाळू, आणि भोवती चिमण्यांची पंगत बसलेली! आमच्या घरात ज्वारी असो, हरभरा असो, पेरणीआधी बियाला ऊन दाखवतातच. मामांनी लव्हेंडरलाही दाखवलं. मी इतकी भडकले की समोर सासरे आहेत हेही विसरले.

"पोरीनं एवढ्या लांबून पाठवलेलं, आणि तुम्ही चिमण्यांना घातलंत!"

ते उपरण्याकडेच बघत होते. "लय थंडीत पडलं व्हतं बिचारं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, जरा ऊन खाऊ द्यावं."

त्यांचे डोळे भरले होते. चिमूटभर बियासाठी रडणारा माणूस नव्हे हा. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाच रडू यायला लागलं.

उरलीसुरली वाळू आम्ही दोघांनी मिळून गोळा केली, भिजवली आणि पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली. त्यानंतर मामा त्या डब्याचे राखणदारच झाले. लाईट गेली की डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवायचा, आली की परत आत. फ्रिजचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की लगेच ओरडायचे, "लावा की दार, गारवा जायलाय सगळा!" दही काढायचीसुद्धा चोरी झाली.

थंडी पडल्यावर बी कुंडीत टाकलं. बरेच दिवस काहीच हालचाल नाही. मी आशा सोडली, पण मामा रोज सकाळी चष्मा लावून कुंडीत डोकावत. एके दिवशी त्यांची हाक आली, "सूनबाई, या इकडं!" मातीवर हिरवे ठिपके होते. मोजून तीन. मामांनी मला हातही लावू दिला नाही.

त्या रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मामा कुंडीपाशीच बसले होते. ते उठले नाहीत. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. आता रोपं दाखवतील, चिमण्यांचं सांगतील, असं मला वाटलं. पण ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "पांघरूण पुरतंय का गं तुला तितं?"

एरवी कुणाला बोलू न देणारी माझी लेक नुसती मान हलवत राहिली.