आबांच्या मनगटावरची उचकी

घड्याळाची विचारपूस करणारा माणूस सबंध इंदापूर तालुक्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. लोक घड्याळाकडे वेळ बघायला जातात. आबा आधी त्याला "बरं हाय न्हवं?" म्हणून विचारतात, मग वेळ बघतात, आणि ती पटली नाही तर एकदा सूर्याकडे पाहून खात्री करून घेतात. पळसदेवला उजनी धरणाच्या पाण्याच्या काठाला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. मामी गेल्यापासून तिथं ते, एक म्हैस आणि समोरचं पाणी एवढेच राहतात. मी बारामतीला नोकरीला, त्यामुळे 'जवळचा पाहुणा' हे पद मला बिनविरोध मिळालेलं आहे. महिन्या-दोन महिन्यांतून मोटरसायकलला किक मारायची, आबांकडे जाऊन चहा प्यायचा आणि मुक्काम न केल्याबद्दल बोलणी खाऊन परतायचं.

आबांचा आणि घड्याळाचा संबंध जुना. ते कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता तोडायचं हे बघणारा माणूस. एकदा त्यांच्या सख्ख्या सासऱ्यांची पाळी संपली तेव्हा उसाच्या दोन सऱ्या कोरड्याच होत्या. सासऱ्यांनी "जावईबापू, पाचच मिंटं" म्हणून हात जोडले. आबांनी मनगट पुढं केलं. "मी तुमचा जावई हाय मामा, पर ह्ये कुणाचंच जावई न्हाय," असं म्हणून त्यांनी पाणी तोडलं. पुढं वर्षभर सासुरवाडीत त्यांच्या ताटात तूप पडलं नाही म्हणे. ते चावीचं घड्याळ त्यांनी निवृत्तीनंतरही जिवापाड जपलं. रोज सकाळी अंघोळीनंतर त्याला चावी द्यायची, कानाशी धरायचं, मगच चहाला हात लावायचा. शेवटी एकदा म्हैस धुताना ते हौदात पडलं आणि कायमचं थांबलं. आबांनी त्या दिवशी सुतक असल्यासारखा चहा सोडला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. वडील एकटे राहतात याचा त्याला घोर. "आबा, पुण्याला चला" हे त्याचं पालुपद, आणि "तितं पाणी नळात असतंय, बघायचं काय?" हे आबांचं उत्तर. अखेर तह झाला. मुलानं एक घड्याळ आणलं. दिसायला अगदी जुन्या वळणाचं, पांढरी तबकडी, काळे काटे, तांबूस चामड्याचा पट्टा. पण आतून भलतंच हुशार. नाडी किती, चालणं किती, झोप किती, सगळं पुण्यातल्या मुलाच्या फोनवर उमटायचं. त्यानं ते स्वतः आबांच्या मनगटावर बांधलं आणि अट घातली, "आकडे चांगले आहेत तोवर इथं राहा. बिघडले की मी गाडी घेऊन येणार." पळसदेव सोडण्यापेक्षा आबांना ही अट परवडली. त्यांनी मुकाट मान डोलावली.

हे घड्याळ महिनाभर चार्जिंगशिवाय चालतं हे कळल्यावर आबांना त्याच्याबद्दल फार आदर वाटू लागला. "म्हैनाभर न जेवता राबतंय! असला गडी मिळंल का कुटं?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण गडी झाला तरी त्याला विसावा हवा. अमावास्येला आमच्याकडे औत धरत नाहीत, बैलाचा खांदा मोकळा ठेवतात. आबांनी तोच नियम घड्याळाला लावला. अवस आली की ते चार्जिंगला लावून भिंतीतल्या देवळीत घडी घातलेल्या टॉवेलवर निजवायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. एका अवसेला माझ्या बायकोनं फोन करून सहज विचारलं, "मामा, जेवलात का? किती वाजले तिकडं?" तर पलीकडून गंभीर उत्तर आलं, "आज त्येला सुट्टी हाय. टायम उद्या सांगतो." चावीची सवयही त्यांनी सोडली नव्हती. या घड्याळाचं बाजूचं बटण दाबलं की दोन्ही काटे गर्रकन फिरून किती चाललात ते दाखवतात आणि परत जागेवर येतात. आबा रोज सकाळी ते दाबत आणि "बसली चावी" म्हणून चहा घेत.

आता खरी गोष्ट. माणूस बराच वेळ बसून राहिला की हे घड्याळ मनगटावर हलकेच थरथरतं. उठा, चार पावलं चाला, एवढाच त्याचा अर्थ. मुलगा तो सांगायला विसरला, आणि आबांनी तो आपल्या परीनं लावला. एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर काठावर बसलो होतो. पाणी बरंच मागं सरलं होतं, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस उघडा पडला होता. लांब उथळात रोहित पक्षी उभे होते. मासे धरणाऱ्याची एक होडी इतकी सावकाश चालली होती की ती चालली आहे की पाणीच तिच्याखालून सरकतं आहे, कळेना. आबा हूं की चूं करत नव्हते. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. वारा, पाणी, उजेड, सगळं एकाच संथ लयीत हलत होतं आणि आपल्याला कुठंच जायचं नाही असं कितीतरी वर्षांनी मला वाटत होतं. तेवढ्यात आबा हसले. मनगट माझ्यापुढं धरून हळूच म्हणाले, "बघा. पोरानं आटवण काढली."

"म्हणजे?"

"आपल्याला कुणी आटवण काढली की उचकी लागती न्हवं? तसंच ह्ये. धावपळीत कळत न्हाय. गप बसलं की बराबर येतंय. दिसातनं चार-पाच डाव तरी काढतोय बगा. लई जीव हाय त्येचा माज्यावर."

मला सगळं ठाऊक होतं. सांगायला तोंडही उघडलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते मिटलं. मी भित्रा आहे हे मी कबूल करतो.

परिणाम व्हायचा तोच झाला. आठवण यावी म्हणून आबा तासन्‌तास काठावर निश्चल बसू लागले. चालणं आटलं. पाण्याकडे बघता बघता त्यांची नाडी इतकी निवायची की घड्याळ ती झोप समजायचं. एका रविवारी सकाळी मुलाचा मला फोन आला. "दाजी, आबा दिवसा चार चार तास झोपतायत, चालणं तर बंदच आहे. काहीतरी बिघडलंय. मी न्यायला निघालोय, तुम्ही पोचा."

मी पोचलो तेव्हा आबांच्या कपड्यांची पिशवी आणि औषधांचा डबा गाडीत गेलेला होता. म्हैस शेजाऱ्याला द्यायचं ठरत होतं. आबा काठावर नेहमीच्या दगडावर बसले होते आणि मुलगा समोर उभा राहून समजावत होता. "असं दिवसभर बसून काय करता आबा? आजारी माणसाचं लक्षण आहे हे!"

"आजारी न्हाय रं. तुजी आटवण येती म्हणून बसतो," आबा म्हणाले, आणि मनगट दाखवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, निवांत.

मुलगा आधी माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. तो माझ्याइतका भित्रा नव्हता. "आबा," तो म्हणाला, "ते मी करत नाही. बसून राहिलं की घड्याळच थरथरतं, आपोआप. मला तर कामात..."

आबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ह्ये हातात कुणी बांधलं?"

"मी."

"मी बसून ऱ्हायलो तर कुणीतरी उटवावं, ह्ये कुणाच्या मनात आलं?"

मुलानं आबांच्या मनगटावरचा पट्टा चाचपला.

"मग तुजीच की आटवण. एकदा काढलेली म्हैनाभर पुरती, येवडंच."

मुलगा उठून पाण्यापाशी गेला आणि तोंड धूत राहिला. चांगलाच वेळ लागला त्याला. परत आला तो सरळ गाडीकडे गेला आणि पिशवी, डबा घरात नेऊन ठेवला. मला तेव्हा दोघांचाही हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

हल्ली तो पंधरा दिवसांनी येतो. बापलेक बांधानं, काठाकाठानं पार मळ्यापर्यंत चालत जातात. एकदा मीही बरोबर होतो. परतताना ऊन उतरलं होतं, पाणी तांबूस झालं होतं. मी आबांना विचारलं, "काय आबा, आज काही थरथरलं का?"

"न्हाय," आबा म्हणाले. मुलगा चार पावलं पुढं चालला होता. त्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "त्यो समूर असल्यावर आटवण कशाला काढंल?"