शेजारच्या फाटकापुढची रांगोळी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाहीत. हे कुणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन साताऱ्याकडून मद्रासला आले, त्यानंतर मराठी लिहायचं कारणच पडलं नाही. पण ही गोष्ट तोंडाने सांगवत नाही.

मैलापूरचं घर सासूबाईंनी माझ्या नावावर केलं होतं. त्या गेल्या, मागोमाग हेही गेले. यांच्या आजारपणाचं कर्ज उरलं, म्हणून मी घर विकायला काढलं. घर लहान, पण धड होतं. खोट होती ती शेजारी. तिथले मालक कधीच परदेशी गेलेले. झाडोरा भिंतीवरून रस्त्यावर आलेला, फाटक गंजलेलं, आत डास. गिऱ्हाईक आमच्या घरात मान डोलवायचं आणि बाहेर पडताना तिकडे बघितलं की पुन्हा फिरकायचं नाही.

दलाल वैतागला. "अक्का, मी घर विकू की शेजार? तिथं साप राहतात, तेही बिनभाड्याचे!"

मी माणूस लावून झाडोरा छाटून घेतला, फाटकाला रंग लावला. भिंत उंच होती, आतलं काही दिसत नव्हतं. इथे थांबले असते तर बरं होतं.

इकडे रोज सकाळी बायका दारापुढे पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, तिला कोलम म्हणतात. घरात कुणी गेलं तरच ती थांबते. दारात कोलम असला की आत बाईमाणूस नांदतंय, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. सासूबाईंनी मी आल्या आल्या माझा हात धरून पहिलं हेच शिकवलं होतं. तोच हात मी शेजारच्या फाटकापुढे चालवला. आमच्या दारातला कोलम रेखीव काढायचे. तिकडचा मुद्दाम सैल, नवख्या हाताचा, म्हणजे बाई वेगळी वाटावी.

मग मद्रासच्याच टोकाच्या तांबरमहून एक जोडपं आलं. तो रेल्वेच्या ऑफिसात, ती माझ्याहून लहान. मूलबाळ नव्हतं. ती शेजारच्या फाटकाशी थांबली.

"इथं कोण राहतं, अक्का?"

"एक सून आहे," मी म्हटलं. "लाजाळू आहे. फारशी बाहेर येत नाही."

खोटं बोलतानासुद्धा मला स्वतःपलीकडे काही सुचलं नव्हतं, मीही इथे तशीच सून होऊन आले होते.

ती खुलली. "लाजाळू चालेल की! दोघींचं मी बोलीन. हे दिवसभर ऑफिसात. भिंतींशी किती बोलायचं?"

"भिंतीही कंटाळल्यात, अक्का," तिचा नवरा म्हणाला. "परवा एकीला तडा गेला."

आम्ही तिघंही हसलो. त्यांनी एक लाख आगाऊ दिले आणि मी ते कर्जात भरले. खरेदीखत झालं की सून माहेरी गेली म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. इतका पुढचा विचार केला होता.

खरेदीखताला आठवडा असताना एका सकाळी मी शेजारच्या फाटकापुढे वाकले होते. पाठीमागून आवाज आला, "अक्का?"

तांबरमची तीच होती. हातात ताट, त्यात मोगऱ्याचा गजरा, कुंकू, ब्लाउजपीस. सून लाजत असली तरी कोलम काढायला बाहेर येईलच, असं वाटून ती पहिल्या गाडीने आली होती.

तिने माझ्या पिठाच्या बोटांकडे पाहिलं. मग फाटक ढकललं. आत पडलेलं छप्पर आणि गुडघाभर गवत. ती परत फिरली, माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या सुनेचं नाव काय ठेवलं होतंत?"

ताट पदराखाली घेऊन ती निघून गेली.

दुपारी तिचा नवरा आला. तो चिडला, पोलिसात जाईन म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचे पैसे मी कर्जात भरून बसले होते. शेवटी दर महिन्याला फेडायचं ठरलं. तिने एकच निरोप दिला, अक्कांनी स्वतः आणून द्यायचे.

आपल्याकडची मुलं तेव्हा इथल्या कंपन्यांत यायला लागली होती. त्यांना मी पोळी-भाजी पुरवू लागले. "काकू, अगदी आईच्या हातची!" म्हणायची. ते शब्द मला नको व्हायचे.

घराला गिऱ्हाईक आलं की मी दारातच सांगायचे, शेजारी कुणी राहत नाही.

"एवढं खरं बोलायचं तर दलाल कशाला ठेवलात?" म्हणून तो दलाल यायचा बंद झाला. घर अजून विकलं गेलेलं नाही.

दर महिन्याला मी मांबलम स्टेशनवरून तांबरमची गाडी धरायची. ती दारातच पैसे घ्यायची, मोजायची, आत जायची. पाणी विचारलं नाही. मीही तिच्या उंबऱ्यापुढच्या कोलमावर पाय पडू नये एवढंच बघायचे. तीन वर्षं हे चाललं.

शेवटच्या खेपेला पैसे मोजून झाल्यावर ती लगेच आत गेली नाही.

"शेजारी कोण राहतं आता?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

तिने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे धरला. पैसे सगळे फिटले होते.